तुम्ही विचारलंत म्हणून: भूकंप आधी कळतो का?

नाही कळत. कुठे मोठा धक्का बसला की सोसायटीतले, ऑफिसातले, लग्नात भेटलेले पाहुणे सगळे हेच विचारतात, घरी भूकंप नोंदवायचं मशीन बनवलंय ना, मग मुंबईला कधी येणार सांगा, आणि नाही म्हटलं की मग ठेवलंय कशाला.

जमीन हलली की नोंद व्हावी म्हणून ठेवलंय. फाटकासारखी आडवी दांडी, टोकाला जड वजन, बिजागरीची बाजू किंचित कललेली, त्यामुळे एका झोक्याला पंधरा-वीस सेकंद लागतात. जमीन हलली की चौकट तिच्याबरोबर जाते, वजन मात्र जडत्वामुळे जागीच राहू बघतं, तेवढ्या फरकाने लोहचुंबक कॉइलमध्ये सरकतो, किंचित करंट येतो, तो वाढवला की कॉम्प्युटरवर रेघ. लोकलची थरथर फार जलद असते, ती फिल्टर होते.

25 एप्रिल 2015 ला नेपाळ हादरलं तेव्हा पहिल्या लाटा तीन-साडेतीन मिनिटांत इथे पोचल्या, मग मागून मोठ्या आल्या आणि रेघ स्क्रीनबाहेर गेली. मला अभिमान वाटला, आजही वाटतो.

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. माहेर किल्लारीजवळचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्री, त्यांचा भाऊ तिथल्या भूकंपात गेला. रेघ बराच वेळ बघून म्हणाल्या, "हे तेव्हा तुझ्याकडे असतं तर?" मी खरं तेच सांगितलं. किल्लारी इथून चारशेएक किलोमीटर, पहिली लाट सेकंदाला सहा ते आठ किलोमीटर जाते, म्हणजे माझी रेघ जवळजवळ मिनिटभराने हलली असती, आणि तोवर तिथे दगडमातीच्या भिंती पडलेल्या.

"म्हणजे मुंबईला कळलं असतं. आम्हाला नाही."

यावर मी काय बोलणार? आधी मी तावातावाने म्हणायचो की निदान मोजा तरी, 1967 नंतर कोयनेचे धक्के इतकी वर्षं मोजत राहिले म्हणूनच धरणाचा भूकंपांशी संबंध अभ्यासता आला. ते आजही पटतं. पण काकूंसमोर ते तोंडातून निघालं नाही, आणि का निघालं नाही हे मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या येतात अधूनमधून. पहिली लाट आणि तिच्यामागून हळू येणारी दुसरी लाट यांतले सेकंद गुणिले आठ, म्हणजे साधारण किती किलोमीटरवर झालं, हे आता त्यांनाही येतं. आकडा चारशेच्या आसपास दिसला तर रात्र असली तरी मला उठव, गावाला फोन लावायचाय, असं बजावून ठेवलंय त्यांनी.