पाठीमागे लिहिलेलं नाव : आमची वाटचाल

प्लॅस्टरच्या नक्षीकामाच्या आमच्या कारखान्यात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला मी आधी मागची भिंत दाखवतो. तिथे खिळ्यांना साचे टांगलेले आहेत. द्राक्षांचे घड, वेलबुट्टीच्या पट्ट्या, पंख्याच्या हुकाभोवती बसतात ती छताची गोल फुलं, कमानीच्या कोपऱ्यातले पोपट. यातले बरेच साचे ज्या घरांवरून घेतले, ती घरं आता उभी नाहीत. त्यांचं नक्षीकाम तेवढं या भिंतीवर उलटं होऊन राहिलंय.

तात्या, म्हणजे माझे वडील, सावंतवाडीकडून लालबागला आले ते गणपतीच्या कारखान्यात कामाला. आधी शाडू मळणं, मग साच्यातून मूर्ती काढणं, हळूहळू हात आणि सोंडेचं काम. पण विसर्जन झालं की पुढचे कितीतरी महिने हाताला काम नसायचं. त्या रिकाम्या दिवसांत ते दादर-माटुंग्याच्या घरांमध्ये छताच्या कडेची कॉर्निस ओढायला जाऊ लागले. पत्र्याचा फर्मा कापायचा, तो लाकडी पट्टीवर ठोकायचा आणि ओल्या प्लॅस्टरवरून एका दमात सरकवत न्यायचा. मध्ये हात थांबला की तिथे वळ उठतो आणि तो शेवटपर्यंत दिसतो. तात्यांचा हात थांबत नसे. १९८१ साली त्यांनी गाळा घेतला, पाटी लावली आणि गणपतीचं काम कायमचं सोडलं. ते सोडल्याची खंत मात्र त्यांना जन्मभर राहिली.

मी १९९३ मध्ये धंद्यात आलो. तो काळ फॉल्स सीलिंगचा. बँका, दवाखाने, लग्नाचे हॉल, सगळ्यांना पीओपीची छतं हवी होती. काथ्या घालून पीओपीच्या शीट ओतायच्या, वर टांगायच्या, सांधे भरायचे. त्या कामाने आमचं घर चाललं, बहिणीचं लग्न झालं, माणसं सहावरून बावीसवर गेली. त्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही.

आमच्या हातून झालेली मोठी चूक त्याच काळातली. गिरगावातल्या एका कुटुंबाचा जुना बंगला दुरुस्तीला आला. दिवाणखान्याच्या भिंतीचा गिलावा खालून तीन फूट सुटलेला. मी तो खरवडून काढला आणि चांगलं घट्ट सिमेंट लावून दिलं. वर हुबेहूब जुन्यासारखी पट्टी ओढली. सगळे खूश. दोन पावसाळ्यांनंतर मालकीणबाईंचा फोन आला. जाऊन बघतो तर सिमेंट जागच्या जागी, पण त्याच्या वरचा दोन फूट जुना गिलावा फुगून पीठ झालेला आणि त्यावर पांढरे क्षार फुटलेले. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल पूर्वी चुन्यातून हवेत जात होती. मी सिमेंटने तिचा रस्ता बंद केला, तेव्हा ती वर चढली आणि चांगला भाग खाऊन बाहेर पडली. त्या बाईंनी पैसे मागितले नाहीत. "तुमच्या तात्यांना विचारायचं होतंत," एवढंच म्हणाल्या. मी घरी येऊन तात्यांना विचारलं, तर त्यांनाही चुन्याचं फारसं माहीत नव्हतं. ते प्लॅस्टरवाले. चुना जाणणारी त्यांच्या आधीची पिढी केव्हाच गावी निघून गेली होती.

२६ जुलै २००५ ला गाळ्यात कमरेएवढं पाणी आलं. पीओपीच्या गोणी जागच्या जागी दगड झाल्या, खालच्या रांगेतले साचे विरघळले. सहा महिने आम्ही जवळजवळ बंद होतो. त्या मोकळ्या वेळात मी चुना शिकायचं ठरवलं.

शिकवणारे भेटले साताऱ्याकडचे एक वयस्क गवंडी. आज आमच्याकडचे सगळे त्यांना मामा म्हणतात. भट्टीचा कळीचा चुना पाण्यात विझवायचा, गाळायचा, पाण्याखाली महिनोन्‌महिने मुरवत ठेवायचा. मुरलेला चुना करणीला लोण्यासारखा लागतो. मग वाळू आणि सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी, घालून चुन्याच्या घाण्यात मळायचं, गूळ आणि हिरड्याचं पाणी द्यायचं. थर पातळ लावायचा आणि वर ओलं गोणपाट टांगायचं, कारण चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. घाई केली की तडे. आमच्या बावीस माणसांपैकी या संथ कामाला सात टिकली. बाकीची फॉल्स सीलिंगकडे गेली आणि त्यांचंही बरं चाललंय.

२००८ मध्ये राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दुरुस्त होऊन उघडलं. १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम म्हणून सुरू झालेली ती वास्तू. लहानपणी मी तिथे हत्ती-वाघ बघून झाल्यावर पाच मिनिटं डोकावलो होतो आणि अंधार तेवढा आठवत होता. आता आत शिरलो आणि मान वर करून उभाच राहिलो. ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी कड, छताची नक्षी, सगळं स्पष्ट, आणि तरी काही नवं केल्यासारखं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सातही जणांना घेऊन गेलो. मामा एका कोपऱ्यात अर्धा तास उभे होते. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते शोधत होते. त्या वर्षी आम्ही लेटरहेडवर 'जुन्या वास्तूंचे नक्षीकाम व चुनाकाम' अशी ओळ घातली.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका परक्या घराने.

२०१८ मध्ये मुलगी साउदॅम्प्टनला शिकत होती म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो. तिथून फेरीबोटीने तासाभरात आइल ऑफ वाइट बेटावरचं ईस्ट काउज बंदर लागतं आणि बंदराच्या वर टेकडीवर ऑस्बोर्न हाउस आहे. राणी व्हिक्टोरियाचं घर. राजवाडे तिला सरकारचे होते. हे मात्र तिने आणि प्रिन्स अल्बर्टने १८४५ मध्ये स्वतःच्या पैशाने विकत घेतलं, नऊ मुलांचा संसार करायला. जुनं घर पाडून नवं बांधलं ते टॉमस क्यूबिट या बांधकाम व्यावसायिकाने, अल्बर्टच्या सल्ल्याने, इटलीतल्या हवेल्यांच्या धर्तीवर. बाहेरून दगडी वाटतं, पण आत वीट आहे आणि वर दगडासारखा दिसणारा सिमेंटचा गिलावा. मी हात लावून बघितला. आग लागू नये म्हणून लोखंडी तुळया, आणि खालचा आवाज वर जाऊ नये म्हणून जमिनीच्या पोकळीत समुद्रातले शिंपले भरलेले. आमच्याकडे अशा पोकळीत विटांचे तुकडे भरतात. समुद्राकाठच्या माणसाने शिंपले भरले, हे मला फार पटलं.

अल्बर्ट १८६१ मध्ये गेला. राणीने त्याची खोली होती तशी ठेवली आणि पुढची चाळीस वर्षं या घरी येत राहिली. २२ जानेवारी १९०१ ला ती इथेच वारली. मुलांना एवढं मोठं घर नको होतं. कुठल्याही घरात होतं तेच. सातव्या एडवर्डने १९०२ मध्ये ते देशाला देऊन टाकलं. मग आवारात नौदलाचं कॉलेज झालं, घराच्या एका भागात आजारी अधिकाऱ्यांचं विश्रामगृह. १९०४ पासून दर्शनी दालनं लोकांना बघता येऊ लागली, पण राणीच्या खासगी खोल्या लोखंडी दाराआड बंदच होत्या. त्या उघडल्या १९५४ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या परवानगीने. आज हे सगळं इंग्लिश हेरिटेज सांभाळतं. बंद ठेवल्यामुळेच त्या खोल्या वाचल्या असं माझं मत झालं. जी घरं 'सुधारली' जातात ती जातात.

आणि मग दरबार रूम. साधारण साठ फूट लांब, तीस फूट रुंद, खालपासून वरपर्यंत पांढऱ्या प्लॅस्टरच्या भारतीय नक्षीने भरलेली. जाळ्या, कमानी, वेल, खोल चौकोनांचं छत, शेकोटीवर पिसारा फुलवलेला मोर. नक्षीत गणपतीही आहे. लालबागच्या गणपती कारखान्यातल्या माणसाचा मुलगा मी, इंग्लंडच्या राणीच्या जेवणाच्या दालनात गणपतीसमोर उभा होतो. बायकोने माझा हात धरला होता एवढं आठवतं.

१८९० मध्ये सुरू झालेलं हे काम भाई राम सिंग यांचं. पंजाबातल्या सुतार घराण्यातला हा माणूस लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, लॉकवुड किपलिंगच्या हाताखाली. आराखडा दोघांचा, पण नक्षी घडवण्यासाठी समुद्र ओलांडून आले ते राम सिंग. हे किपलिंग लाहोरला जाण्याआधी दहा वर्षं आपल्या मुंबईत होते. १८६५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्प शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर धान्याच्या पेंढ्या आणि शेतकरी कोरलेत ते त्यांचेच. त्या शिल्पांखालून मी शेकडो वेळा ब्रश आणि रंग घेऊन गेलोय आणि एकदाही वर बघितलं नव्हतं.

दरबार रूमच्या छताचं ओतकाम लंडनच्या जॅक्सन अँड सन्स या फर्मने केलं. त्याला तिकडे 'फायब्रस प्लॅस्टर' म्हणतात. प्लॅस्टरमध्ये तागाचं कापड आणि लाकडी पट्ट्या घालून हलके, मजबूत तुकडे ओतायचे आणि वर जोडायचे. म्हणजे आमची काथ्याची शीटच की! ज्या कामाला मी पंचवीस वर्षं पोटापाण्याचं काम समजत होतो, त्याच पद्धतीचं छत तिथे सव्वाशे वर्षं टिकलं होतं. फरक होता साच्यात. त्या शेकोटीवरच्या मोराला राम सिंगांचे पाचशे तास लागले असं तिथल्या माहितीत आहे. मी उभ्या उभ्या हिशोब केला. रोजचे आठ तास धरले तर दोन महिन्यांहून जास्त, एका मोरासाठी. आम्ही असा मोर तीन दिवसांत देतो, कारण गिऱ्हाईक चौथ्या दिवसाचे पैसे देत नाही.

दालनाकडे जाणाऱ्या कॉरिडॉरमध्ये रुडॉल्फ स्वोबोडाने काढलेली भारतीयांची चित्रं लावलेली आहेत. त्यांत भाई राम सिंगांचंही आहे, नावासकट. त्यांच्या कामापासून काही पावलांवर त्यांचा चेहरा. पुढे ते मायदेशी परतले, अमृतसरचं खालसा कॉलेज त्यांनी आखलं आणि मेयो स्कूलचे प्राचार्यही झाले. त्या चित्रासमोर मला आमच्या मागच्या भिंतीवरचे साचे आठवले. एकाही साच्यामागच्या मूळ कारागिराचं नाव मला सांगता आलं नसतं. तात्यांनी ओढलेल्या शेकडो फूट कॉर्निसवरही कुठे तात्यांचं नाव नाही.

परत आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. एक, आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीमागे, जी बाजू छताला किंवा भिंतीला चिकटते तिथे, करणाऱ्याचं नाव आणि तारीख ओल्या प्लॅस्टरवर खिळ्याने लिहिली जाते. कुणाला दिसत नाही. पुढे कधी कुणी दुरुस्तीला काढेल तेव्हा दिसेल. पहिल्या दिवशी पोरांना हे विचित्र वाटलं. आता नाव लिहायचं राहिलं तर तेच तुकडा परत मागतात. दुसरी गोष्ट, आम्ही कोटेशनमध्ये साचा आणि ओतकाम यांचे दर वेगळे लिहू लागलो. साच्यासाठी किती दिवस लागणार हे गिऱ्हाईकाला आधीच समोर दिसतं. काही जण निघून जातात. जे थांबतात त्यांचं काम आम्हाला हवं तसं होतं.

कोविडची दोन वर्षं कशीबशी काढली. चुना मुरत होता, एवढाच त्यातला फायदा.

सध्या कोकणातल्या एका कुटुंबाचा बंगला हातात आहे. पणजोबा डॉक्टर होते, घर त्यांच्या काळातलं, व्हिक्टोरियाच्या अमदानीच्या अखेरचं. नातवंडं मुंबई, पुणे, कॅनडा अशी पांगलेली. विकण्याऐवजी त्यांनी दवाखान्याची खोली, औषधांची कपाटं आणि दिवाणखाना लोकांना बघायला खुला करायचं ठरवलंय. त्यांना मी ऑस्बोर्नची गोष्ट सांगितली आणि एकच विनंती केली, की देवघराशेजारच्या ज्या खोलीला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, तिला रंग देऊ नका. त्यांनी ऐकलं.

दिवाणखान्याच्या छताचं फूल ओलीने एका बाजूला लोंबलं होतं. परांची बांधून आम्ही ते चार तुकड्यांत उतरवलं. पाठीमागे नाव असेल या आशेने मी टॉर्च घेऊन बघत होतो. नाव नव्हतं. चुन्यात रुतलेले बोटांचे ठसे होते, दाबून बसवतानाचे. मामांनी चष्मा लावला, तुकडा फिरवला, स्वतःची बोटं त्या खळग्यांत घालून पाहिली. ती बसेनात. मग डावा हात लावला, तेव्हा पाचही बरोबर बसली.

"डावरा होता," मामा म्हणाले.

आमच्याकडे डावरा एकच आहे, सगळ्यात धाकटा, मालवणचा. तुटलेल्या चौथ्या तुकड्याच्या पाकळ्या मामांनी त्याच्याकडे दिल्या, कारण जुन्या पाकळ्यांवरचा करणीचा फराटा उजव्या हाताने उमटेना. त्याला अकरा दिवस लागले. मागे त्याने आपलं नाव, गाव आणि तारीख लिहिली. त्याखाली थोडी जागा सोडून मामांनी त्याच्याकडून आणखी एक ओळ लिहून घेतली : 'आधीचा कारागीरही डावरा.'