वाटी, पण रश्श्याची नव्हे

कोल्हापुरात वाटी म्हटली की डोळ्यांपुढे आधी तांबडा येतो, मागून पांढरा. त्यामुळे पियानोच्या चाकाखाली ठेवायची सागवानी वाटी या गावात विकायची, तर पहिली दोन वाक्यं ती काय नाही हे सांगण्यातच जातात. धंद्यातले लोक तिला कॅस्टर कप म्हणतात. चार इंच व्यासाची, इंचभर उंचीची, मधे खोलगट चकती. उभ्या पियानोला चार लागतात, तीन पायांच्या ग्रँडला, म्हणजे आडव्या पियानोला, तीन, आणि त्याही जरा मोठ्या.

विकायला मोठी अवघड वस्तू. कोल्हापुरी चप्पल पायात घालून चार पावलं चालता येतं; तिची करकर तर लोक मुद्दाम मागून घेतात. वाटीचं सगळं उलटं. ती वाजली तर बिघडलेली, आणि तिने काम चोख केलं याचा पुरावा काय, तर फरशी फुटली नाही. न झालेल्या गोष्टीची जाहिरात करायची कशी? मग कुणीतरी लिहून टाकतं, ‘पियानोचा आवाज अधिक गोड होतो.’ कसला गोड! पियानोचा सूर पावसाळ्यात चढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उतरतो, कारण आतला साउंडबोर्ड, म्हणजे आवाज घुमवणारी लाकडी फळी, दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. खालच्या वाटीला त्यातलं काही कळत नाही.

तिची बाजू वजनाची आहे, आणि ती सरळ सांगावी. उभा पियानो साधारण 200 ते 300 किलोंचा. तारांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा, तो पेलायला आत बिडाची जाड चौकट. त्यातही जास्त भार मागच्या चाकांवर. आणि चाक जमिनीला टेकतं किती, तर नखाएवढं. जुन्या घरातली जाड शहाबादी सोसून घेते. नव्या फ्लॅटमधल्या टाइलखाली मात्र मसाला नीट भरला नसेल, तर तिथेच तडा. नाण्याने ठोकून बघावं. पोकळ आवाज आला की त्या जागी चाक नको. चार इंची वाटी तोच भार सुमारे 80 चौरस सेंटिमीटरवर पसरवते. जाहिरातीत हे एवढं वाक्य पुरे.

‘हस्तनिर्मित’ हा शब्द आता पापडापासून पणतीपर्यंत सगळ्यांवर चिकटवलेला असतो, म्हणून त्याच्या जागी माप लिहावं. लाकडात ओल 10 ते 12 टक्के. कातारी ओलं लाकूड कातून मोकळा झाला, तर वाळताना ते लाकडाच्या रेषेच्या आडवं आकसतं, रेषेच्या लांबीत जवळजवळ नाही. गोल वाटी अंडाकृती होते आणि चाक आत अडकून बसतं. तळ किमान 10 मिलिमीटर हवा, नाहीतर चाक तिला रेषेवरून उभी चिरतं. पण तळ जितका जाड तितका पियानो वर जातो, आणि पेडलही. लहान मुलांचे पाय आधीच लोंबकळत असतात. म्हणजे जाड चांगली म्हणून दीड इंची तळ करणं हा शहाणपणा नव्हे. चारही तळ एका मापाचे हवेत. मिलिमीटरभर फरक पडला तरी पियानो डुगडुगतो. पॉलिश खालूनही एक हात मारावं, फक्त वरून मारलं की खालचं लाकूड दमट हवा पितं आणि वाटी वाकते. तळाला फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, 3 मिलिमीटर. रबर नको, त्याचे डाग पॉलिशवर आणि काही फरश्यांवर उमटतात. आणि ओल्या फडक्याने पुसणाऱ्या घरात फेल्ट पाणी शोषून सुटतो, हे विकतानाच सांगितलेलं बरं.

फोटो? कॅलेंडरसारखी फुलं, मेणबत्त्या कशाला. वाटी उलटी ठेवून फेल्ट दाखवावा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवावं. ते 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज येतो. खाली एक ओळ: चाकाची रुंदी आणि व्यास मोजूनच मागवा.

बसवायची रीत तर पाकिटातच छापलेली असावी. तीन-चार माणसं, एका वेळी एकच बाजू, ती दोन बोटं उंच उचलायची, आणि वाटी काठीने सरकवायची, हाताने नव्हे. पियानो मागे कलू द्यायचा नाही. वजन तिकडेच असल्यामुळे तो एकदा झुकला की माणसांना ऐकत नाही. पुढच्या बारीक पायांना धरूनही उचलू नये, ते मोडतात. वाट्या बसल्यावर पियानो ढकलायचा नाही: चाक काठावरून उडी मारतं आणि जिच्यासाठी हे सगळं केलं त्याच टाइलवर आदळतं.

एवढं सगळं ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, ‘आमचा डिजिटल आहे हो, चालेल ना?’ त्याला चाकं आहेत का, एवढंच विचारायचं. बहुतेक वेळा नसतात. मग वाट्या परत खोक्यात, आणि विक्री तिथेच संपली.