फुगलेली पेशी मापात कशी येते, आणि ते मोजताना कुठे फसायला होतं

फुप्फुसाच्या पेशीभोवतालचं द्रव पातळ केलं की पाणी आत शिरतं आणि पेशी एक-दोन मिनिटांत फुगते. बाहेरचं द्रव तसंच पातळ असतानाही पुढच्या दहा-वीस मिनिटांत ती आकसून मूळ मापाजवळ येते. याला आरव्हीडी (रेग्युलेटरी व्हॉल्यूम डिक्रीज, फुगल्यावर आकार परत कमी करणं) म्हणतात. पेशी इथे पाणी उपसत नाही, तसा पंप तिच्याकडे नाहीच. ती पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर सोडते, थोडं टॉरिन (एक लहान सेंद्रिय रेणू) ही, आणि पाणी त्यांच्यामागून निघतं.

क्लोराइडचा दरवाजा म्हणजे व्हीआरएसी चॅनेल, पेशी फुगली की उघडणारा तिच्या पडद्यातला मार्ग. त्याचा अत्यावश्यक घटक एलआरआरसी८ए २०१४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधला. पोटॅशियमच्या वाटा पेशीगणिक बदलतात. श्वासनलिकेच्या पेशींत ताण जाणवून टीआरपीव्ही४ या चॅनेलमधून कॅल्शियम आत येतं आणि कॅल्शियमवर उघडणारे पोटॅशियम चॅनेल कामाला लागतात.

आता मोजणीकडे. ए५४९ ही १९७२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगातून मिळालेली पेशीरेषा. वायुकोशांच्या (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या) टाइप-२ पेशींची नक्कल म्हणून ती वापरतात, आणि नक्कल आहे हे विसरू नये.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो द्रावणात. नेहमीचं सलाइन बफर पाणी घालून पातळ केलं, की सोडियम, क्लोराइड आणि आयनिक स्ट्रेंग्थ (आयनांचं एकूण प्रमाण) सगळंच बदलतं. मग दिसलेला परिणाम फुगण्याचा की आयनांचा, हे कोण सांगणार? म्हणून मॅनिटॉल, म्हणजे आयन न देणारा आणि पेशीत सहज न शिरणारा साखरेसारखा पदार्थ. एक लिटरला ५.२६ ग्रॅम सोडियम क्लोराइड (९० मिलिमोलर), ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड (५), १.८ ग्रॅम ग्लुकोज (१०), पीएच टिकवणारं २.३८ ग्रॅम हेपेस (१०), शिवाय कॅल्शियम क्लोराइड १.५ आणि मॅग्नेशियम क्लोराइड १ मिलिमोलर, पीएच ७.४. हे साधारण २०० मिलिऑस्मोलचं (विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाचं माप) हायपोटॉनिक, म्हणजे पेशीपेक्षा पातळ द्रावण. यातच १६.४ ग्रॅम मॅनिटॉल (९० मिलिमोलर) घातलं की सुमारे ३०० चं आयसोटॉनिक, म्हणजे पेशीइतकंच दाट. आयन दोन्हींत सारखेच. तरी हिशोबावर विसंबू नका, ऑस्मोमीटर या कण मोजणाऱ्या यंत्रावर तपासा. पाणीबाथमध्ये उघडी ठेवलेली बाटली दुपारपर्यंत वर सरकलेली असते.

किती फुगायला हवं? पेशीचा सुमारे ३० टक्के भाग पाण्याला दाद देत नाही असं धरलं, तर उरलेल्या ७० चे १.५ पट (३०० भागिले २००), म्हणजे १०५, अधिक ३०. एकूण १३५ टक्के. मोजमाप १८० टक्के दाखवत असेल तर आधी मोजमापावर संशय घ्या.

कॅल्सीन या चमकणाऱ्या डायची पद्धत सोपी आहे. डाय ३७ अंशांवर अर्धा तास भरायचा, धुवायचा आणि चमक पाहायची. पेशी फुगली की आतली प्रथिनं विरळ होतात, डायचं क्वेंचिंग (प्रथिनांमुळे चमक दबणं) घटतं आणि चमक वाढते. पुढे चमक उतरली की आरव्हीडी, असं सगळे म्हणतात. पण डाय गळला किंवा प्रकाशाने उडाला तरी चमक उतरतेच! तेव्हा आयसोटॉनिक द्रावणात त्याच एक्स्पोजरवर वीस मिनिटं चालवून बघा. तिथेही उतरली तर तुमचा आलेख डायचा आहे, पेशीचा नाही.

यापेक्षा खात्रीची खूण शेवटी मिळते. पेशी सावरली की तिला परत आयसोटॉनिकमध्ये टाका. खरंच मीठ बाहेर गेलं असेल तर ती मूळ मापाच्याही खाली आकसते. दुसरी कसोटी अशी: हायपोटॉनिक द्रावणातलं सोडियम क्लोराइड काढून तितकंच पोटॅशियम क्लोराइड घाला. बाहेर जायला उतारच न उरल्याने आरव्हीडी अडते, कधी पेशी आणखी फुगते.

पिपेटच्या धारेकडे दुर्लक्ष होतं. नुसत्या धक्क्यानेही या पेशी एटीपी (पेशीतला ऊर्जेचा रेणू, जो बाहेर संदेशही देतो) सोडतात, आणि त्याने कॅल्शियम वाढतं. म्हणून आयसोटॉनिक काढून आयसोटॉनिकच, त्याच वेगाने घालण्याचा कंट्रोल हवाच. उलट वाहतं द्रावण फार जोरात सोडलं तर सुटलेलं एटीपी वाहून जातं आणि आरव्हीडी मंद दिसू शकते.

ब्लॉकरांत, म्हणजे चॅनेल बंद करणाऱ्या रसायनांत, एनपीपीबी बऱ्याच चॅनेलांना अडवतं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर निष्कर्ष नको. व्हीआरएसी अडवायला डीसीपीआयबी १०–२० मायक्रोमोलर बरं, पण तेही पूर्ण निवडक नाही. एलआरआरसी८ए चं जीन बंद करून पडताळावं. हे ब्लॉकर डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात, आणि ०.१ टक्का डीएमएसओ ऑस्मोमीटरवर सुमारे १४ मिलिऑस्मोल वाढवून दाखवतं. डीएमएसओ पेशीत सहज शिरतं, त्यामुळे तो आकडा भरून काढायला मॅनिटॉल कमी करू नका. सगळ्या द्रावणांत डीएमएसओ सारखंच ठेवा.