तुम्ही विचारलंत म्हणून: गेमचं संगीत, तेव्हाचं आणि आत्ताचं

सांगलीत मी हार्मोनिअम शिकवतो आणि संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो. मी गेम खेळतो हे क्लासच्या पालकांना कधीतरी कळलं, तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो: "सर, आमच्या लहानपणी गेममध्ये नुसतं टुंई-टुंई वाजायचं. आता केवढा ऑर्केस्ट्रा असतो! खूपच सुधारलं ना?"

आवाज सुधारला, यात वादच नाही. संगीताचं विचाराल तर मी ते साथीदाराच्या कानाने ऐकतो. नाटकात पात्र विंगेतून कधी बाहेर येईल याचा भरवसा नसतो. कुणाचा फेटा सुटतो, कुणाची तलवार सापडत नाही. ऑर्गनवाल्याने तोवर तेच आवर्तन फिरवत ठेवायचं आणि पात्र दिसलं की असं समेवर यायचं की प्रेक्षकाला सांधा कळू नये. गेमच्या संगीतकाराचं सगळं आयुष्य या अडचणीत जातं. खेळणारा पुढे पळेल, मरेल की एका कोपऱ्यात अर्धा तास घुटमळेल, त्याला काय माहीत? सिनेमावाल्याला सेकंद मोजून मिळतात, याला नाही.

म्हणून मी सुरुवात 'स्पेस इन्व्हेडर्स' या परग्रहावरच्या शत्रूंना मारायच्या गेमपासून करतो. साल १९७८, कंपनी ताइतो, करणारे तोमोहिरो निशिकादो. संगीत म्हणजे खर्जातले चार उतरते स्वर, पुन्हा पुन्हा. पण शत्रू मारत जाल तसे उरलेले जोरात सरकतात आणि ते चार स्वरही जलद होतात. मुळात ही यंत्राची लंगडी बाजू होती. पडद्यावर काढायच्या आकृत्या कमी झाल्या की उरलेल्या भराभर काढून व्हायच्या. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. संथ विलंबितातून जलद द्रुतात जाताना छातीत जे होतं, ते चार स्वरांत साधलं. खेळ बघून लय बदलायची ही कल्पना एवढी जुनी आहे.

मग १९८३ साली जपानमध्ये निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आला. त्याच्या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाटा: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखरीची आणि एक छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. त्रिकोणी वाटेला आवाज लहान-मोठा करायची सोयच नाही, चालू किंवा बंद एवढंच. बहुतेक वेळा खर्ज तिच्याकडे आणि खरखरीतून ताल. १९८५चा 'सुपर मारिओ' हा सगळा गेम मिळून ४० किलोबाइटचा, आजचा व्हॉट्सॲपवरचा 'शुभ सकाळ' फोटो याहून जड असतो. त्यात कोजी कोंदो यांनी बसवलेली चाल: ग ग ग, सा ग प, आणि मग मंद्रातला प. हार्मोनिअमवर पांढरी एक सा धरून वाजवून बघा. मी अलंकार (सरावाचे पलटे) घ्यायला सांगतो आणि पोरं हेच वाजवतात. ओरडायला तोंड उघडतो आणि बंद करतो.

उडी मारली किंवा नाणं घेतलं की त्या आवाजासाठी पाचातली एक वाट काढून घ्यावी लागायची. तेवढा वेळ गाण्यातली एक ओळ गप्प. हजारदा खेळूनही आपल्याला ते जाणवलं नाही, कारण राहिलेल्या ओळी गाणं धरून ठेवत. शंभरदा ऐकून कान विटणार नाही अशी चाल बांधणं, तेही इतक्या कमी सामानात, ही विद्या त्या लोकांकडे होती.

इथे एक आतली गोष्ट. आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडलेलं ते यंत्र बहुतेक ठिकाणी अस्सल निन्टेंडो नव्हतंच, नक्कल होती. त्यातल्या बऱ्याच नकली चिपमध्ये चौकोनी लहरीच्या दोन जाती एकमेकींच्या जागी बसल्या होत्या, त्यामुळे चाल तीच पण आवाजाचा पोत वेगळा. क्योटोच्या पोरांनी ऐकलेला मारिओ आणि सांगलीच्या पोरांनी ऐकलेला मारिओ हुबेहूब एक नव्हता. अस्सल आवाज ऐकवला तर माझ्या वयाचे लोक म्हणतात, "हे जरा चुकल्यासारखं वाटतंय."

पुढे १९९० साली सुपर फॅमिकॉममध्ये आठ वाटा आणि खऱ्या वाद्यांचे बारीक नमुने आले. मग १९९४च्या प्लेस्टेशनसारख्या सीडीवाल्या यंत्रांमुळे काहीही रेकॉर्ड करून घालता येऊ लागलं. लोक खूश झाले. माझ्या मते इथे थोडी गडबड झाली. सीडीवरचं गाणं देखणं, पण ते आपल्या वेळेने चालणार. काही गेममध्ये ट्रॅक संपला की मध्ये रिकामी फट, मग पुन्हा पहिल्यापासून. साथीदार गेला आणि कॅसेट आली.

मला भारी वाटतं ते त्याआधीचं, १९९१चं काम. लुकासआर्ट्स या गेम कंपनीत मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी खेळाप्रमाणे संगीत वळवणारी 'आयम्यूज' नावाची यंत्रणा केली आणि 'मंकी आयलंड २' या गेममध्ये वापरली. त्यात वुडटिक नावाचं गाव आहे. गावाची एक चाल. एखाद्या घरात शिरलात की त्याच चालीचं वेगळं रूप, वेगळी वाद्यं. बाहेर आलात की संगीत तिथल्या तिथे तुटत नाही. छोटा तुकडा घेऊन, वळण घालून मूळ चालीवर परत येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या माणसांनी आमच्या विंगेजवळ बसून काम शिकलंय की काय, असं वाटलं.

आज हेच मोठ्या प्रमाणावर होतं. २०१०च्या 'रेड डेड रिडेम्प्शन'चं बरंचसं संगीत एकाच स्वरात, ए मायनरमध्ये, आणि मिनिटाला १३० ठोक्यांच्या एकाच लयीत बांधलं, म्हणजे कुठलाही थर कुठल्याही थरावर बसतो. ए म्हणजे आपली पांढरी सहा. घोडा दौडला की एक थर वर, गोळीबार सुरू झाला की दुसरा.

मानसन्मानही मिळाले. 'सिव्हिलायझेशन ४'मधल्या क्रिस्टोफर टिन यांच्या 'बाबा येतू'ला २०११ साली ग्रॅमी मिळालं, गेमच्या संगीताला ते पहिलं. २०२३ साली मारिओची चाल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनाच्या यादीत घेतली.

तक्रार एकच, आणि ती मिरजेच्या शेजारी राहणारा माणूस करणारच. गेममध्ये वाळवंट किंवा 'पूर्वेकडचं' गाव आलं की लगेच सतारीची झणकार. ती नमुन्यांतून जुळवलेली असते: प्रत्येक स्वर वेगळा रेकॉर्ड केलेला, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नावाला. मिरजेत सतारमेकर घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जवारी काढायला, म्हणजे ती घासून आवाजाला गुंजन आणायला, बसतो, थोडं घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. त्या सतारीला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. गेममधल्या सतारीला अजून कुणी जवारी काढलेली नाही.

आणि तुमचा मुलगा मोबाइलवर जे खेळतो ते बीजीएमआय, तो गोळीबाराचा गेम? लॉबीत, म्हणजे सामन्याआधी थांबायच्या पडद्यावर, दणदणीत संगीत आहे, पण सामना सुरू झाला की जवळपास काही नाही. ते मुद्दामच ठेवलेलं नाही. पावलं डावीकडून येतायत की वरच्या मजल्यावरून, हे ऐकू यायला हवं. त्याच्या कानातून हेडफोन काढताना एवढं लक्षात असू द्या. तो गाणी ऐकत नसतो, पावलं मोजत असतो. निदान राउंड संपेपर्यंत थांबा.