आधी नोकरी, मग देश, शेवटी जीमॅट

रविवार

'करिअर बदलायचंय म्हणून बाहेर एमबीए करतोय' हे वाक्य अर्धवट आहे. कशातून कशात जायचंय, ते त्यात नाही. कामाचं स्वरूप, उद्योग आणि देश, या तीन गोष्टी बदलू शकतात. परदेशी एमबीएत देश तर बदलतोच. उरलेल्या दोन्हीही एकदम बदलायच्या म्हटलं, तर भरती करणाऱ्याला धरून बोलायला काही राहत नाही. बँकेच्या सॉफ्टवेअरवर सहा वर्षं काम केलेल्याने लंडनच्या फिनटेक कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजरची जागा मागितली, तर निदान बँकिंग त्याच्या पदरी असतं. त्यानेच औषध कंपनीचं मार्केटिंग मागितलं, तर त्याच्यापुढे दहा वर्षं औषधं विकलेला स्थानिक उमेदवार उभा असतो.

म्हणून नोकरी आधी ठरवायची, आणि मग ती मिळायची वाट त्या कोर्समध्ये आहे का ते बघायचं. ही वाट बहुतेकदा इंटर्नशिपमधून जाते. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कोर्सला मधल्या उन्हाळ्यात दहा-बारा आठवडे मिळतात आणि नवख्याला पारखून घ्यायची कंपनीची तेवढीच संधी असते. फ्रान्स आणि सिंगापूरमधल्या इन्सियाड या बिझनेस स्कूलचा कोर्स दहा महिन्यांचा. त्यात जानेवारीच्या बॅचला उन्हाळी इंटर्नशिपला जागा आहे, ऑगस्टच्या बॅचला नाही. करिअर बदलणाऱ्यासाठी हा फरक रँकिंगमधल्या पाच-सात क्रमांकांपेक्षा मोठा, तरी तो कुणी विचारत नाही. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या कोर्सांतही हीच अडचण. तिथे लंडन बिझनेस स्कूल वेगळं, कारण कोर्स १५ ते २१ महिन्यांत संपवायची मुभा आहे.

अमेरिकेत ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतात आणि कन्सल्टिंग, इन्व्हेस्टमेंट बँकिंगवाले सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच कॅम्पसवर फिरू लागतात. 'तिथे गेल्यावर ठरवू' म्हणणाऱ्याला ठरवायला जेमतेम सहा आठवडे मिळतात. केस इंटरव्ह्यूची (एखाद्या कंपनीची अडचण समोरासमोर सोडवून दाखवायची मुलाखत) तयारी निघण्यापूर्वीच सुरू झालेली बरी.

मंगळवार

व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावरच वाचावेत, यूट्यूबवर नव्हे. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायची परवानगी, मिळते. कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात नोंदलेला असेल तर आणखी २४ महिने. एकाच कॉलेजात एक एमबीए स्टेममध्ये आणि दुसरं बाहेर असंही असतं, म्हणून कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे तो कोणत्या गटात मोडतो ते सांगणारा सरकारी क्रमांक, विचारून घ्यायचा. त्यापुढच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला वर्षाला ८५,००० ची मर्यादा आहे आणि निवड आपल्या हातात नसते. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करायची परवानगी, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळेल. जर्मनीला जायचं तर भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं. ते हातात नसेल तर व्हिसाचा अर्ज अडतो.

प्लेसमेंट अहवाल शेवटच्या पानापासून वाचावा. सरासरी पगार पहिल्या पानावर छापतात. पदवीनंतर तीन महिन्यांत किती जणांना नोकरी मिळाली, ही टक्केवारी फक्त 'नोकरी शोधणाऱ्यांची' असते. कंपनीने पाठवलेले, स्वतःचा धंदा काढणारे आणि माहितीच न देणारे त्यातून वगळलेले असतात.

गुरुवार, हिशेब

समजा, ६० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज. पहिल्या वर्षी ३० लाख उचलले, दुसऱ्या वर्षी ३०. कोर्स दोन वर्षं आणि वर सहा महिने हप्ता नाही. पण व्याज चालूच: पहिल्या ३० लाखांवर अडीच वर्षांचं सव्वाआठ लाख, दुसऱ्यावर दीड वर्षाचं जवळपास पाच लाख, तेही सरळव्याजाने. ते मुदलात मिळवलं की ७३ लाखांच्या पुढे. दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याला एक लाखाच्या वर हप्ता. डॉलरमध्ये पगार असेल तर झेपतं. पुण्यात परत यायचंच मनात असेल, तर हा आकडा पुण्याच्या पगारासमोर मांडून बघावा, आणि मग हैदराबादच्या आयएसबीचं किंवा अहमदाबादच्या आयआयएममधल्या एक वर्षाच्या कोर्सचं शुल्कही शेजारी लिहावं.

तारणाचं घोडं बहुतेक वेळा कागदांवर अडतं. शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत. फ्लॅट असेल तर इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची ना हरकत, वकिलाचा सर्च रिपोर्ट हे सगळं लागतं. वारसांची नावं चढलेली नसतील तर दोन महिने कुठे गेले कळत नाही. ॲडमिशन यायच्या आधीच ही फाइल उघडावी.

स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांहून जास्त पाठवले तर वरच्या रकमेवर बँका टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. आयकर विवरणात तो वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत देणाऱ्या कलमात (१९६१ च्या कायद्यात ८०ई) बसणाऱ्या बँकेच्या कर्जातून गेलेल्या पैशावर तो लागत नाही.

शनिवार

जीमॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा आता तीन भागांची, प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण ६४ प्रश्न, गुण २०५ ते ८०५. जुन्या परीक्षेतल्या ७०० गुणांची जागा आता साधारण ६४५ ने घेतली आहे, तरी लोक जुने आकडे घेऊन झुरतात. आपले इंजिनिअर गणितात तरतात आणि डेटा इनसाइट्स या तक्ते-आलेख वाचायच्या भागात वेळेअभावी बुडतात: २० प्रश्न, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं, आणि त्यात एकेका प्रश्नाला तीन-तीन तक्ते. गुण पाच वर्षं चालतात, तेव्हा अर्जाच्या आदल्या महिन्यापर्यंत ताणण्यात अर्थ नाही. पहिली फेरी सप्टेंबरात असते. परीक्षा जूनपर्यंत उरकली की जुलै-ऑगस्ट निबंधांना मोकळे.

शिफारसपत्राचा आपल्याकडचा ठरलेला संवाद: "तूच लिही रे, मी अपलोड करतो." उमेदवाराचे निबंध आणि साहेबांचं पत्र एकाच शैलीत उतरलं की वाचणाऱ्याला कळतं. साहेबांना प्रश्न असतो, उमेदवाराला दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती आणि त्याने पुढे काय केलं. "खूप मेहनती आहे" हे त्याचं उत्तर होत नाही. त्यांना जुलैतच भेटून दोन-तीन प्रकल्पांची एक पानी आठवण द्यावी: तारखा, आकडे, काय फसलं होतं. लिहायचं त्यांनीच.

राजीनाम्याचं गणितही मागून मांडावं. आयटीत नोटीस ९० दिवसांची. वर्ग ऑगस्टमध्ये, म्हणजे राजीनामा मेच्या सुरुवातीला, आणि व्हिसा त्याआधी हातात हवा. अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा कोर्सच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो, म्हणून आय-ट्वेंटी (कॉलेज व्हिसासाठी देतं तो प्रवेशाचा फॉर्म) आलं की लगेच मुलाखतीची तारीख घ्यायची. व्हिसा जूनपर्यंत लांबला तर नोटीस विकत घेता येईल का, हे एचआरला आधीच विचारून ठेवावं. आणि सलग पाच वर्षं सेवा व्हायला महिना-दोन महिनेच उरले असतील, तर राजीनामा तेवढा पुढे ढकलता येतो का ते बघावं; पाच वर्षांच्या आधी नोकरी सोडून पीएफ काढला तर त्या रकमेवर कर लागतो.