डीटीपीच्या दुकानात लिनक्स

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पत्रिकांचं टायपिंग-मांडणी करणाऱ्या माझ्या दुकानातले दोन्ही पीसी कागदोपत्री बाद झाले. प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचे. विंडोज ११ ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. कामाला मात्र दोघेही ठणठणीत, लग्नसराई आरामात काढणारे. सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर घ्यायची सोय होती, पण वर्षाने पुन्हा तोच प्रश्न. म्हणून एका पीसीवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, टाकायचं ठरवलं.

टाकणं सोपं निघालं. मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली, त्यावरूनच पीसी सुरू केला. हार्ड डिस्कला हात न लावता मिंट चालवून बघता येतं, आणि बघावंच. वायफाय लगेच लागलं, जुन्या लेझर प्रिंटरने मात्र छळलं. शेवटी तो विंडोजवाल्या पीसीलाच ठेवला. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, शिवाय कीबोर्डच्या यादीत उच्चाराप्रमाणे टाइप करायचं गमभनही चक्क मिळालं!

खरी गोची जुन्या फाइलींची. वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे चालणारा एकच कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती इंग्रजी खिचडी दिसते. फॉन्टची टीटीएफ फाइल कॉपी केली की मजकूर दिसतो, पण त्यात टाइप करून देणारा प्रोग्राम फक्त विंडोजचा. मग कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतलं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा; युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टर नेमका तिथेच घसरतो. ‘कीर्ती’, ‘वर्धापन’, ‘निमंत्रण’ सगळं डोळ्यांखालून घालावं लागलं. कोरलड्रॉ या विंडोजवरच्या डिझाइन प्रोग्रामच्या फाइली लिनक्सवरच्या इंकस्केपमध्ये उघडतात, पण मजकूर जागेवर राहीलच असं नाही. त्या कामापुरता दुसरा पीसी विंडोजवरच आहे, इंटरनेट काढून.

त्यामुळे ‘लिनक्स आलं, आता विंडोजचं काय होणार’ या चर्चेत मला फार दम वाटत नाही. म्युनिक महापालिकेने सुमारे १५,००० पीसी लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा निर्णय घेतला. त्यात राजकारणही होतं, पण फक्त विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामांची अडचण मोठी होती. माझ्या दुकानातही तेच. मिंट आणि विंडोज यांत निवड करायला मला दोन मिनिटंही लागली नसती; अडलं ते फॉन्ट आणि कोरलपाशी. उद्या ही कामं ब्राउझरमध्ये व्हायला लागली, तर खाली कोणती सिस्टीम आहे हे गिऱ्हाईक सोडा, मीही विचारणार नाही.

नव्या पत्रिका आता युनिकोडमध्ये, इंकस्केपवर करतो. प्रेसला सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली) पीडीएफ लागते, ती स्क्रायबस या पानमांडणीच्या प्रोग्राममधून काढतो. पहिल्या रंगीत पत्रिकेत लाल थोडा मळकट आला. रंगाची टक्केवारी बदलून पुढची खेप नीट निघाली.