"पालक उदासीन" या शेऱ्याविषयी

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची अनेक कुटुंबे कामासाठी खाली उतरतात आणि गावच्या हजेरीपटावर काही नावांपुढे सलग गैरहजेरी लागत जाते. अशाच एका नऊ वर्षांच्या मुलीची केस माझ्याकडे आली, तेव्हा आधीच्या नोंदीत "पालक उदासीन" एवढेच दोन शब्द होते. मी मळ्यावर गेले, तर ती तीन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती आणि तिचे मराठीचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून खोपीच्या आढ्याला अडकवलेले होते. आई पहाटेच बागेत जाते, तर भावाजवळ थांबणार कोण, हे तोवर कोणीच विचारले नव्हते. असे शेरे मला अन्यायाचे वाटतात.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयोगटातील मुलाला, दाखला यायला उशीर झाला म्हणून, प्रवेश नाकारता येत नाही. मळ्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ते लगेच मान्य केले. खरा वेळ गेला तो भावाला अंगणवाडीत रुळवण्यात, कारण तो रडला की बहीण वर्गातून उठून येई. अहवालात मी तो जुना शेरा खोडला नाही, त्याखाली पाहिलेले सारे तारीखवार लिहिले. छाटणी संपून कुटुंब गावी परतण्यापूर्वी तिथल्या शिक्षकांशी बोलायचे आहे.